नुसता पाट

तुम्ही शिकवलंत त्या शाळेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली तेव्हा प्रभाकर जोशी रडले. मला रडू आलं नाही. मी दादांकडे बघत होते.

जोशी तुमचे नातेवाईक नव्हेत की सहकारी नव्हेत. संध्याकाळी गोदाकाठी फिरायला जाणाऱ्या तुमच्या मंडळींतले एक, बँकेत नोकरीला. बोलायला उभे राहिले ते सरळ पाटावरच आले. म्हणाले, वसंतानं एका शनिवार-रविवारी आम्हाला त्याच्या गावी नेलं, हातात कुदळी दिल्या, आणि कित्येक वर्षं बुजलेला पाट आम्ही दोन दिवसांत मोकळा केला. आयुष्यात हातून काही खरं काम झालं असेल तर तेवढंच. मग चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, वसंत गेला, पण त्याचा पाट अजून वाहतोय.

व्यासपीठावर दादा, तुमचे थोरले भाऊ, बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी मांडीवर. त्यांनी मान हलवली. होकाराची.

पाट वाहत नाही हे त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, दादांना आणि मला. तिसरे तुम्ही. तुम्ही हार घातलेल्या फोटोत होतात, आणि या विषयावर तुम्ही जिवंतपणीही काही बोलला नव्हतात.

आपलं लग्न झालं तेव्हा मला पाट म्हणजे जेवायला बसायचा पाट एवढंच माहीत होतं. मी पंचवटीत वाढलेली. पाणी एकतर नळाला यायचं, नाहीतर गोदावरीला. तुम्ही जेवता जेवता ताटातच समजावून सांगितलंत. भाताची आडवी भिंत केलीत, हा बंधारा. त्याला आमटी अडवलीत, ही नदी. मग बोटानं भाताला एक चर पाडलात आणि आमटी त्यातून हळूहळू लोणच्याकडे गेली. हा पाट, म्हणालात, उपसावं लागत नाही, उताराउतारानं पाणी आपलं आपण जातं. तुमचे वडील त्या पाटाचे पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या शेताला पाणी कधी आणि किती वेळ हे ठरवणारे. खांद्यावर फावडं टाकून ते पाण्याबरोबर शेवटपर्यंत चालत जायचे, कारण शेवटच्या शेताला पाणी लागल्याशिवाय पाळी पुरी झाली असं ते मानत नसत. शेवटची शेतं बौद्धवाडीची होती. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. मला तेव्हा वाटलं, ज्या माणसाला बापाचा इतका अभिमान आहे तो माणूस चांगलाच असणार. चांगले तुम्ही होतातच. माझी तक्रार ती नाही.

वडील गेल्यावर एका पुरात बंधारा फुटला. ज्यांची ऐपत होती त्यांनी विहिरी खणून मोटारी बसवल्या, दादांनीही बसवली. शेवटाकडच्यांनी पावसाच्या बाजरीवर भागवायला सुरुवात केली. पाटात बाभळी उगवल्या, घाणेरी माजली. मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुष्काळी कामावर बंधाऱ्याची फूट दगडांनी बांधून झाली, पण पाटाकडे कुणी पाहिलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, बंधाऱ्यात पाणी साचलं आणि नुसतं सांडून जाऊ लागलं. तुम्ही गणपतीत गावी जाऊन ते बघून आलात आणि मग जेवणाच्या ताटावरसुद्धा तुम्हाला दुसरा विषय सुचेना. शाळेतले शिक्षक, गोदाकाठची मंडळी, जोशी, सगळ्यांना तुम्ही तयार केलंत. मीही पदर खोचून आले. शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं आपण निघालो तेव्हा निम्मी गाडी आपलीच होती. चांदवडला गाडी थांबली तर सगळे चहाला उतरले आणि जोशी तिथल्या माणसांना सांगत सुटले की आम्ही नदी आणायला चाललोय.

त्या दोन दिवसांचं मला काहीही वाईट लिहिता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. पहिल्याच तासात जोशींच्या तळहाताला फोड आले आणि त्यांनी त्यावर रुमाल बांधला, पण कुदळ सोडली नाही. गावातली माणसं आधी बांधावर बसून आपली गंमत बघत होती, दुपारनंतर एकेक करून उतरली. बौद्धवाडीतली तर सगळीच आली होती, त्यांनी शेवटाकडून वर खणत यायला घेतलं होतं. त्यांच्यात पारूबाई होती. नवरा दुष्काळात गेलेला, एक तुकडा जमीन, अगदी पाटाच्या टोकाला. माझ्याहून थोडी मोठी असेल. माझी पाटी तिनं माझ्या हातातून काढून घेतली आणि पाटी डोक्यावर कशी घ्यायची, कंबरेतून कसं वळायचं, ते दाखवलं. म्हणाली, "तुमच्या मानेले सवय नाय वहिनी, उद्या उठता यायचं नाय." खरंच आलं नाही.

दुपारी दादांच्या घरून पिठलं-भाकरी आली. बौद्धवाडीची माणसं आपापली फडकी सोडून लांब लिंबाखाली बसली. तुम्ही ताट घेऊन उठलात आणि त्यांच्यात जाऊन बसलात. मग जोशी उठले, मग मी, मग बाकीची शहरातली सगळी. शोकसभेत यावरही दोघं बोलले. मला त्या दिवशी तुमचा किती अभिमान वाटला होता. आता वाटतं, एका दुपारी तिथे जाऊन बसणं फार सोपं होतं.

रविवारी वरून खणत आलेले आणि खालून खणत आलेले दादांच्या शेतापाशी भेटले. भेटले म्हणजे थांबले. कारण तिथे पाटच नव्हता. दादांनी तो कधीचाच सपाट करून नांगरात घेतला होता आणि त्यावर कांद्याची रोपं लावली होती. पाटाचं एक तोंड त्यांच्या या बांधाला, एक त्या बांधाला, आणि मध्ये हिरवागार कांदा. तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं. आम्हाला कुणालाच तुम्ही सांगितलं नव्हतं, आणि दादांनाही काही विचारलं नव्हतं. तुमच्या मनात असेल, तिथवर पोचलो की आपोआप होईल.

सगळे उभे राहिले. दादा बांधावर उभे होते. तुम्ही चपला काढल्यात, शेतात उतरलात आणि वाकून एकेक रोप हातानं उपटून बांधावर मांडायला लागलात, मोडू नये अशा बेतानं. थोड्या वेळानं दादा खाली उतरले, एका पोराच्या हातातून कुदळ घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला. टाळ्या पडल्या. जोशींनी कॅमेरा आणला होता, त्यांनी दोघा भावांचा फोटो काढला. तोच फोटो परवा सभेत फिरला. माझ्याशेजारी अक्का उभ्या होत्या, दादांच्या बायको. माझ्याकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "आज समोर लोकं हायेत."

हे मी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, अक्काला काय कळतंय.

उन्हं कलताना बंधाऱ्याचं दार उचललं. पाणी धावत येईल अशी माझी कल्पना होती. ते चालत आलं, माणसाहूनही हळू, प्रत्येक भेग पीत, पुढे काड्या, वाळकी पानं आणि जीव घेऊन पळणारे किडे ढकलत. तुम्ही वडिलांसारखे त्याच्याबरोबर चालायला लागलात. मी तुमच्या मागोमाग. चिखलात माझ्या चपला रुतायला लागल्या तेव्हा तुम्ही त्या उचलून हातात धरल्यात, सगळ्या गावासमोर, आणि तशाच शेवटपर्यंत नेल्यात. पारूबाईच्या शेतात पाणी शिरलं तेव्हा तिनं फावड्यानं बांध नीट केला आणि पाण्याला वाट दिली, जसं काही ते रोजच येत होतं. त्या संध्याकाळबद्दल मी तुमची ऋणी आहे. तेवढं एक चालणं सोडलं तर आपण दोघं कुठे असे बरोबर चाललो?

दोन हिवाळे पाट वाहिला. शेवटाकडे गहू उभा राहिला. पारूबाईनं तुमच्यासाठी गव्हाचं गाठोडं पाठवलं होतं, तुम्ही त्याच्या पोळ्या जोशींना बोलावून खाऊ घातल्यात.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याला तुम्ही एकटे गावी गेलात. पाऊस कमी होता, बौद्धवाडीतली माणसं गहू पेरावा की हरभऱ्यावर भागवावं अशा विचारात होती. तुम्ही घरोघर जाऊन सांगितलंत की गहूच पेरा, पाण्याची काळजी करू नका. मला हे तुम्हीच परत आल्यावर सांगितलंत, मोठ्या समाधानानं. गहू ओंबीवर आला तेव्हा दादांनी आपल्या शेतातला पाट नांगरून टाकला. पाटाच्या पाझरानं कांदा सडतो म्हणाले. बंधाऱ्यावर त्यांनी दुसरी मोटारही बसवली होती, पाणी त्यांना पाटावाचून मिळत होतं. बौद्धवाडीतले लोक त्यांच्या दारात गेले, तेव्हा त्यांनी एकच उत्तर दिलं: पाट वसंतानं काढला, वसंताला विचारा, तो म्हणेल तसं करू.

म्हणून पारूबाई विचारायला आली. पहाटेची एसटी पकडून, देवळा-चांदवड करत, आपल्या घराचा पत्ता लोकांना विचारत. मीही तेव्हा शाळेत शिकवायचे, घरी आले तर ती ओट्यावर बसली होती. घरात घेतलं, चहा दिला. तिला तुमच्याकडून फार काही नको होतं. म्हणाली, "भाऊंनी एक डाव येऊन बांधावर उभं राहावं. बाकी काय करू नका. ते समोर असले तर मोठे भाऊ नाय म्हनायचे नाय. अजून आठ दिवसांत पानी भेटलं तर निम्मा गहू हाताले लागंल." मी म्हटलं, येतीलच आता.

आणि तुम्ही आलात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. सायकल हातात धरून तुम्ही फाटकापाशी थांबलात. दार उघडं होतं, ती तुम्हाला दिसली. तिची पाठ तुमच्याकडे होती. तुम्ही सायकल वळवलीत, आवाज होऊ नये म्हणून थोडी उचलूनच, आणि गेलात.

शेवटची गाडी चुकेल म्हणून ती उठली तेव्हा म्हणाली, भाऊंना निरोप द्या. मी म्हटलं, देते. ती गेल्यावर बऱ्याच वेळानं तुम्ही परत आलात. मी निरोप दिला. तुम्ही हातपाय धुतलेत, जेवलात. मग मी भांडले. आयुष्यात तेवढं मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. तुम्ही म्हणालात, "दादानं शाळा सोडली म्हणून मी शिकलो. तो नांगरामागे होता म्हणून मी इथे खुर्चीवर बसतो. त्याच्याशी भांडायला गेलो तर माझा भाऊ जाईल. नाही गेलो तर नुसता पाट जाईल."

"नुसता?" मी विचारलं.

तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात. तो आपल्यातला शेवटचा शब्द, त्या विषयावरचा. त्यानंतर तुम्ही इतकी वर्षं जगलात आणि मला उत्तर दिलं नाहीत.

मला वाटलं होतं, निदान तुम्हाला लाज वाटेल आणि तुम्ही त्याबद्दल बोलणं बंद कराल. तसंही झालं नाही. जोशी दिवाळीला यायचे, चिवड्याची बशी हातात घेऊन विचारायचे, "काय म्हणतोय आपला पाट?" तुम्ही म्हणायचात, "वाहतोय." मी चहा ओतत असायचे. एक-दोनदा जोशी म्हणाले, पुन्हा एकदा जाऊन बघू या. तेव्हा तुम्ही रस्त्याचं, उन्हाचं, परीक्षांचं काहीतरी काढलंत. शाळेत श्रमदानावर बोलायला तुम्हालाच उभं करायचे, आणि तुम्ही बोलायचात, मुलांचे डोळे चमकेपर्यंत. दादा दवाखान्याच्या कामानं नाशिकला आले की आपल्याकडेच उतरायचे. तुम्ही दोघं ओट्यावर बसून कांद्याचा भाव, पाऊस, कुणाकुणाची लग्नं, सगळं बोलायचात. मी आतून कान देऊन ऐकायचे. पाटाचा शब्द कधी निघाला नाही. गावात मात्र तुम्ही पुन्हा पाय ठेवला नाहीत, अक्का आजारी होत्या तेव्हासुद्धा. मी एकटीच जाऊन आले.

मी समजून घ्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दादांनी तुमच्यासाठी केलं ते खरंच होतं. पण त्याची फेड करायला तुम्ही पारूबाईचा गहू दिलात, तुमचं काहीच दिलं नाहीत. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही इतके मऊ होतात की असं काही बोलायला धीर व्हायचा नाही. माझं डोकं दुखलं तर रात्रभर बसून राहणाऱ्या माणसाला कसं म्हणायचं?

सभेनंतर काही दिवसांनी मी गावी गेले. मुलांना सांगितलं, दादांना भेटून येते.

दादा आता थकलेत. पाटाच्या जागेवर कांदाही राहिलेला नाही, द्राक्षाचा मांडव आहे. अक्का गेल्यापासून घरात सुनांचा कारभार. त्यांनी मला पाटावर बसवून जेवू घातलं. जेवण झाल्यावर मी त्यांना ओसरीवर गाठलं आणि विचारलं, सभेत मान का हलवलीत?

ते पायाच्या नखांकडे बघत म्हणाले, "त्या लोकाइंले त्यानंच तसं सांगेल व्हतं ना? मंग मी त्याले मेल्यावर खोटा कसा पाडू?"

मी म्हटलं, आणि पाट?

"पाट मी बुजवला. नाय म्हनत नाय. पन मालती, मी वाट बघत व्हतो. वाटलं, आता येईल, शिव्या दील, माझ्यासमोर कुदळ घेऊन उतरंल. मागच्या टायमाला उतरला व्हता तसा. आला असता तर उकरला असता मी. पह्यल्या दिवशीच उकरला असता. तो आलाच नाय. बुजवला ते ठाव व्हतं तरी त्याच्या ओट्यावर मह्याशी कांदा-लसनाच्या गप्पा. मले वाटलं, त्याले काय पडेल नाय पाटाचं."

मग ते द्राक्षांकडे हात करून म्हणाले, आता ते कसं उकरायचं.

आता मला सांगा, या माणसावर विश्वास ठेवायचा का? म्हातारपणी, धाकटा भाऊ गेल्यावर, माणूस स्वतःची समजूत घालायला असं बोलू शकतो. किंवा खरंही असेल. लोकांना त्यांनी तेव्हाही हेच सांगितलं होतं ना, वसंताला विचारा. तुम्ही एकदा जाऊन उभे राहिला असतात तर कळलं असतं. ते नाही म्हणाले असते तर नाही. पण तुमचा भाऊ जाईल म्हणून तुम्ही गेला नाहीत, आणि तो तिथे बसून तुमची वाट बघत होता, कदाचित. हे कदाचित आता मी मरेपर्यंत माझ्याजवळ राहणार.

एसटीला वेळ होता. मी पाटाच्या कडेनं चालत शेवटाकडे गेले. दादांच्या शेताच्या पुढे पाट अजून दिसतो, कोरडा, बाभळी पुन्हा उगवल्यात. पारूबाई घरी नव्हती. दुसऱ्याच्या बागेत छाटणीच्या कामाला गेली होती, सांजेला रस्त्यावर भेटली, कंबरेला विळा, डोक्यावर जळणाचा भारा. मला तिनं लगेच ओळखलं. भाऊ गेल्याचं ऐकलं, म्हणाली. भारा खाली ठेवला आणि थोडा वेळ माझा हात धरून उभी राहिली. मग विचारलं, "मोठ्या भाऊंकडं गेल्या व्हत्या? काय म्हनले?"

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, काही नाही, सहज. मी सगळं सांगितलं. दादा काय म्हणाले, त्यांनी वाट बघितली, एवढंच नाही. ती आपल्या घरी बसली होती तेव्हा तुम्ही फाटकापर्यंत येऊन परत गेलात, तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती तुम्हाला शिव्या देईल. मला ते हवंही होतं. माझ्या तोंडून ज्या कधी निघाल्या नाहीत त्या निदान तिच्या तोंडून निघतील.

तिनं सगळं ऐकून घेतलं. फाटकाचं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा हलला, मग पुन्हा होता तसा झाला. बाभळींकडे बघत म्हणाली, "चूक आमचीच शे, वहिनी. आमचं पानी व्हतं. भांडाया आम्हीच जायचं व्हतं, समद्यांनी मिळून. आम्ही भाऊंच्या भरवशावर बसून राह्यलो."

मग वाकून भारा उचलायला लागली. मी हात लावला. भारा तिच्या डोक्यावर चढला तेव्हा माझी मान पुन्हा अवघडली. ती बौद्धवाडीकडे वळली आणि मी रस्त्यावर येऊन गाडीची वाट बघत उभी राहिले.

तिनं तुम्हाला हिशेबातच धरलं नाही. तुमच्यावर रागवायचीसुद्धा तिला गरज वाटली नाही. मला मात्र अजून वाटते. मी एकटीच उरले आहे तुमच्यावर रागावणारी, बाकी सगळ्यांच्या लेखी तुम्ही देवमाणूस. दिवाळीला जोशी येतील. चिवड्याची बशी हातात घेतील आणि सवयीनं मला विचारतील. मी त्यांना सांगणार आहे.